सुमनला उजवा प्रसाद

मी कादंबरी झोपून लिहितो.

पेडण्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुपारी जेवणवेळेला ते बंद असतं. आमच्या गोव्यात दुपारच्या झोपेला देवाधर्माइतकाच मान आहे. त्या वेळात कुणाचं छप्पर उडालं तरी तो माणूस खिळे मागायला ऊन उतरल्यावरच येतो! तेव्हा हुमण-भात पोटात गेला की मी बलकांवावर, म्हणजे घराच्या दर्शनी ओट्यावर येतो, तिथल्या दगडी बाकावर आडवा होतो, कोऱ्या आणि लिहिलेल्या कागदांची चळत उशाला घेतो आणि डोळे मिटतो. मग हळूहळू पात्रं येतात. बायको या सगळ्याला घोरणं म्हणते. (ती विज्ञान शाखेची आहे.)

तसं लेखनासाठी मी खास खोलीही बांधली होती. वाऱ्यासाठी जनेलाजवळ मेज, मेजाजवळ बसायला कदेल, भिंतीवर कोनाडा, सगळं अगदी थोर लेखकासारखं. पण पहिल्याच वर्षी तिथे तांदळाच्या गोणी आल्या, मग काजूबिया आल्या, मग चतुर्थीला गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट आली. "तुमका खंय रोज लागता ती खोली?" असं बायको म्हणाली आणि साहित्याचा संसार ओट्यावर आला.

त्या वर्षी माझ्याकडे सुमन यायची.

डोळे मिटले की केरीचा धक्का दिसायचा. पलीकडे तेरेखोलचा डोंगर, मधे संथ पाणी, पाण्यावर झोप लागल्यासारखी फेरीबोट. आणि धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसलेली सुमन. वेणीत आबोलीची फाती. ती कुणाची तरी वाट बघत असायची. कुणाची, ते मलाही ठाऊक नव्हतं, पण विचारायची घाईही नव्हती. ती बोटीकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचो आणि दुपार पाण्यासारखी सरकत राहायची. सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराने भोंगा वाजवला की आम्ही दोघंही दचकायचो. मग ती जायची आणि मी दुकान उघडायला जायचो.

या सुमनवर माझी फार मोठी भिस्त होती. आजवर मी जे जे गंभीरपणे लिहिलं, ते ते वाचून लोक हसले होते! दिवाळी अंकाचे संपादक तर दरवेळी "झकास हलकंफुलकं" असं म्हणत. या खेपेला मी वाचकांना रडवणार होतो. निदान एक हुंदका, एवढीच माझी मागणी होती. त्यासाठी शेवटही ठरला होता: कुणी येत नाही, बोट येते आणि जाते, आणि सुमन पायरी उतरून पाण्यात शिरते.

संपादकांचा फोन आला तोही दुपारीच.

"सुमनचं कुठवर आलं?"

"जागची हलत नाही हो ती," मी म्हणालो. "तिच्या जोगता एकसुद्धा मिळत नाही."

"मग आता?"

"आता पाण्यातच जाते. दुसरा उपाय नाही."

हे बोलणं आत मालूआत्या ऐकत होती. मालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच असते, म्हणजे खरं तर आम्ही तिच्याकडे असतो. कोकमाची सालं वाळत घालायची सोडून ती माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. मी तोवर पुन्हा धक्क्यावर पोचलो होतो.

"बाबल्या, ही सुमन कोणाचां चेडू रे?"

"कोणाचांच न्हय," मी झोपेच्या काठावरून म्हणालो.

"आवय-बापूय?"

"नांत. तिका फकत मीच."

"रवता खंय?"

"केरीच्या धक्क्यार."

"दीसभर?"

"दीसभर."

"आनी जेवता कितां?"

यावर मात्र मी विचारात पडलो. एवढे कागद भरले, पण सुमनने एक घासही खाल्ला नव्हता! लेखक म्हणून ही माझी मोठीच चूक होती.

"अजून तरी काय जेवूंक ना," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

आत्याने पदर डोळ्यांना लावला. मी कूस बदलली.

पुढच्या मंगळवारी ती मला देवळात घेऊन गेली. आमच्याकडे अडलेलं काम देवीला विचारायची रीत आहे. गुरव मूर्तीवर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो; याला प्रसाद लावणं म्हणतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमीन, सोयरीक, बोअरवेल, सगळ्याचा निकाल तिथे लागतो आणि त्यावर अपील नाही. दुकानासाठी काही विचारायचं असेल, असं समजून मी हात जोडून उभा राहिलो. दुपार झालीच होती. डोळे आपोआप मिटले आणि सुमनच्या तळव्याला पहिलं पाणी लागतं ते वाक्य मी मनात जुळवू लागलो.

"बा देवी म्हाराजा!" गुरवाने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"आज सुमन नावाचां चेडू केरीच्या धक्क्यार उपाशी बसलां आसा..."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मग मी जागा झालो!

"तिका आवय ना, बापूय ना, ह्या बाबल्याशिवाय कोण ना. तिचां लगीन खोळांबलां आसा, तां मार्गाक लाय गे माये!"

"व्हय म्हाराजा!"

"आत्ये," मी तिच्या कानाशी लागलो, "अगे सुमन म्हणजे..."

"वगी रव!"

आणि टप्पकन कळी पडली. उजवी! देवळाच्या चौकातल्या सगळ्यांनी हात जोडले. आत्याच्या डोळ्यांना धार लागली. तिने तिथल्या तिथे आंगवण केली, की सुमनचं लग्न झालं की देवीची खणानारळाने ओटी भरीन. इतक्यात मागे उभे असलेले, डिचोलीजवळच्या मुळगावचे एक गृहस्थ पुढे सरकले आणि म्हणाले, "आमचो एक भाचो आसा. गुणाचो आसा. चेडू पळोवंक आयतारा येतंव."

"येया," आत्या म्हणाली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. मग म्हणाली, "आत्यांक खरां सांगा." मी लगेच सांगणार होतो. पण आत्या शेवयांचं पीठ मळत होती. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, तर ती कपाटातून स्वतःची जपून ठेवलेली साडी काढून तिला ऊन दाखवत होती. मी गुपचूप ओट्यावर जाऊन आडवा झालो. तिकडेही बिनसलं होतं. सुमन बोटीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती.

रविवारी पाहुणे आले. मुळगावचे मामा, त्यांच्या मागे इस्त्रीच्या शर्टातला भाचा आणि भाच्याच्या खांद्यावर फणस. मामांनी बलकांव बघितला, "वारो बरो येता," म्हणाले आणि माझ्या दगडी बाकावर, नेमके कागदांच्या चळतीवर बसले! बायकोने कोकम सरबत दिलं. पावसापाण्याचं झालं, काजूच्या दराचं झालं.

"आतां चेडू हाडा," मामा म्हणाले.

आत्या माझ्याकडे बघू लागली. बायको आकाशाकडे बघू लागली.

"चेडू हंयच आसा," मी म्हणालो.

"खंय?"

"तुमी तिच्येरच बसल्यात."

मामा असे उडाले, की सरबताचा पेला अंगणात! त्यांनी आधी बाक बघितला, मग स्वतःचं धोतर झटकलं, मग माझ्याकडे बघितलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सुमन कागदावरची आहे, मी तिला लिहितो, तिला जन्म नाही, पत्ता नाही आणि जेवणही नाही. भाच्याने चळत उचलली आणि तो वाचत बसला. पानं उलटत शेवटाला आला आणि उभाच राहिला.

"मामा! हो मनीस हिका बुडयता!"

"कोणाक?"

"सुमनाक!"

"देवीन उजवो दिल्यार?" आता मामांचाही आवाज चढला. मुलगी नाही याचा राग केव्हाच मागे पडला होता.

"अहो, ती शोकांतिका आहे!" मी कळवळून म्हणालो. "लोकांनी रडायला हवं!"

तेव्हा आत्या बोलली, अगदी हळू.

"कागदाची आसूं नायतर मातयेची आसूं. आमी देवीक नाव सांगलां, देवीन उजवो दिलो. आतां डावो दिवपी तू कोण?" मग म्हणाली, "माज्या लग्नाक तीनदां प्रसाद लायलो, बाबल्या. तीनय फावट डावो. ह्या जल्माक एक तरी उजवो पळयलो मी. तोय तू बुडय."

आत्याचं लग्न का झालं नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आत्या घरात असतेच, असंच आम्ही धरून चाललो होतो. ऊन दाखवलेली ती साडी मला आठवली. ज्या हुंदक्यासाठी मी वर्षभर झुरत होतो, तो आला. वाचकाला नाही, मलाच, माझ्याच ओट्यावर आणि परक्या पाहुण्यांसमोर!

दुसऱ्या दुपारी मी आडवा झालो. पाणी तसंच संथ होतं. बोट मात्र या खेपेला धक्क्याला लागली आणि तिच्यातून इस्त्रीचा शर्ट घातलेला एक जण उतरला. खांद्यावर फणस. तो सुमनजवळ गेला, फणस खाली ठेवला आणि म्हणाला, "जेवलंय?"

सुमन हसली. मी उठलो आणि लग्नासकट शेवट लिहून काढला.

आठवड्याने संपादकांचा फोन आला. "शेवट वाचून रडू आलं हो!"

"सुमनसाठी?" मी आनंदाने विचारलं.

"अंकासाठी!" ते म्हणाले आणि त्यांनी कादंबरी विनोदी विभागात छापली.

आत्याने तो अंक खण-नारळासोबत देवीपुढे ठेवला आणि आंगवण फेडली. गावात आता सर्वांचं एकमत आहे, की गोष्ट देवीची आहे, बाबल्याने फक्त अक्षर काढलं. मी नवी कादंबरी घेतली, की आत्या पहिल्याच पानावर मला उठवून विचारते, "ह्याचां कितां करतलंस?" आणि मंगळवार गाठते. त्यामुळे कुणी विचारलंच, की तुम्ही कुठे बसून लिहिता, तर हल्ली मी खरं तेच सांगतो: बसून नाही, उभ्यानं, देवळातल्या रांगेत, आत्याच्या मागे.