कोरडा कूलर

पारोळ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत आणि त्या मापांमुळेच नाना माझ्याकडे आले.

नाना एसटीतून निवृत्त झालेले. नोकरीभर स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. नंतर त्यांनी नेत्रदानाचं काम अंगावर घेतलं. कुणी गेल्याचं कळलं की स्कूटर काढायची, त्या घरी जायचं, डोळे मागायचे. घरचे हो म्हणाले की धुळ्याला नेत्रपेढीत फोन करायचा. तिथून गाडी येते. सहा तासांच्या आत सगळं उरकावं लागतं, म्हणून घरातलं रडणं थांबायची वाट पाहता येत नाही. नानांनी शोकाचा वेगळा आवाज कधी काढला नाही. ‘धुळ्याकडे जाणारी गाडी फलाट दोनवर’ ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात डोळे मागायचे.

दुकानात येऊन ते म्हणाले, “ताई, मला ओट्यापर्यंतच जाता येतं. तुम्हाला आत जाता येईल.”

“आत जाऊन मी काय करू?”

“बसा नुसत्या. ओळखीचं माणूस आत असलेलं बरं.”

मी होकार दिला. दुपारी दुकानात तसंही गिऱ्हाईक कमी असतं.

पहिल्याच घरी आमची फजिती झाली. गेलेल्याचे चार भाऊ ओट्यावर, चौघंही हो म्हणाले. धुळ्याची गाडी दारात आली, तेव्हा स्वयंपाकघरातून त्यांची आई बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली. “मना पोर पुढला जलमले आंधया व्हई,” म्हणाली. बास. भाऊ खाली बघत राहिले. गाडी रिकामी परत गेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीही तासभर तिच्या शेजारी बसून तिला पाणी देत होते, पण विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी नियम केला. आधी घरातली सगळ्यात म्हातारी बाई, मग बाकीचे. तिच्यासमोर जमिनीवर बसायचं, तिच्या लेकराचं नाव घेऊन विचारायचं आणि ती नाही म्हणाली तर चहा न घेता निघायचं. नानांनी हा नियम मान्य केला. पुष्कळ घरांत म्हातारीच हो म्हणायची आणि पुरुष कां-कूं करायचे.

दुसरी कामं साधी होती. पापण्या नीट मिटायच्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद. वाऱ्याने बुबुळ सुकतं, मग ते बसवायला चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणं म्हणजे भांडणच.

“अहो, बसलेली माणसं मरतील ना गरमीनं!” एकदा एक जावई ओरडले.

“ओट्यावर बसा,” नाना म्हणाले. “ओट्यावर कुणी मरत नाही. मी रोज बसतो.”

माझ्या घरी सासूबाई. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही. त्यांना हे काम पसंत नव्हतं. फोन वाजला की त्या खाटेवरून सांगायच्या, “ऊठ वं, तुना गिधाडना फोन उना.” नानांच्या कानावर हे गेलं. त्यानंतर अक्कांनी फोन उचलला की ते मुद्दाम म्हणायचे, “माय, गिधाड बोलतंय. ताई आहेत का घरात?” अक्का फोन माझ्या हातात आपटायच्या, पण हसू दाबलेलं दिसायचं.

“परकाना घरमा जाईसन डोया मांगस. तुले लाज नही वाटत?” हे त्या मला महिन्यातून एकदा तरी विचारायच्या. मी चपला घालून निघायचे. वाद घालायला वेळ कुठे होता? गावातल्या एवढ्या म्हाताऱ्यांसमोर मी मांडी घालून बसले, पण आमच्या अक्कांसमोर कधी बसले नाही.

नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळाभर लोकांचे कूलर आमच्या अंगणात पडलेले. तो एकदा जेवताना म्हणाला, “माझेपण देऊन टाक. चष्म्याचा नंबर कितीचा आहे ते मात्र सांगू नको, परत पाठवतील.” अक्का शेजारच्या खोलीत होत्या. मी भात वाढत होते. त्यावर तेवढंच बोलणं झालं.

तो मे महिन्यातच गेला. दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या, दुपारी बाराच्या सुमारास. शेजारच्या दुकानदारांनी दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी पाहिलं, लिहून दिलं आणि टेम्पोतून घरी आणलं.

मी काय काय केलं ते मला क्रमाने आठवतं. पुढच्या खोलीतला टीव्हीचा टेबल बाजूला सरकवला. चटई टाकली, वर चादर. पुण्याला मुलीला फोन केला आणि गाडीत एकटी बसू नको, जावयांना घेऊन ये, म्हणून सांगितलं. शेगडीवर डाळ होती, ती उतरवली. मग नानांना फोन लावला.

“नाना, या.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

पलीकडे स्कूटरच्या किल्लीचा आवाज झाला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, “निघालो. बहादरपूरला आहे, तासभर लागेल. धुळ्याला सांगून ठेवतो.”

फोन ठेवला आणि मी कूलर लावला. पूर्ण जोरात.

माणसं येणार होती, उकडत होतं, त्याला गरमी सहन होत नसे. यातलं काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. खोलीत आलं की बटण दाबायचं, ही हाताची सवय. नळाला आठवड्याने पाणी येतं आणि ते दुसऱ्या दिवशी येणार होतं, त्यामुळे टाकी कोरडी होती. तेही मला माहीत होतं. कूलर उन्हातली हवा जशीच्या तशी आत फेकत होता. मी त्या झोतात बसले होते आणि मला गरमही लागत नव्हतं, गारही लागत नव्हतं. त्याच्या पापण्या पूर्ण मिटलेल्या नव्हत्या. समोरच दिसत होत्या. मी पाहत होते.

अक्का त्याच्या उजव्या अंगाला बसल्या होत्या. लुगड्याचा पदर तांब्यात बुडवून त्यांनी त्याच्या कपाळावर धरला होता. पदर मोठा, तो खाली उजव्या डोळ्यावर आलेला. त्या रडत नव्हत्या. दर थोड्या वेळाने पदर पुन्हा भिजवत होत्या.

गल्लीतल्या बायका आल्या. प्रत्येक बाई दारातून गळा काढत आत येते, गळ्यात पडते, तशा आल्या. मी प्रत्येकीला पाठीवर हात ठेवून बाजूला बसवलं. एक जण दुसरीला म्हणाली, “रडनी नही अजून. दगड शे.” मला ते ऐकू गेलं. बरोबर वाटलं.

नाना आले. चपला काढल्या, दारातच थांबले. आधी कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारतील. फॉर्मवर सही माझीच लागणार होती आणि मी तयार होते. नानांनी मला काही विचारलं नाही. ते ओटा सोडून कधी आत येत नसत. त्या दिवशी आत आले, अक्कांसमोर जमिनीवर बसले आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं.

“माय, त्याचे डोळे मागायला आलोय.”

खोलीत कूलरचाच आवाज. अक्कांनी पदर पिळला.

“गिधाड उनं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे मान वळवली. “पहिले ते कूलर बंद कर. बठ्ठा गावले सांगत फिरनी, अन् सोताना घरमा कूलर लाईसन बठनी. डोया सुकी राहिनात त्याना.”

मी उठून बटण बंद केलं. तेवढ्यानेच खोलीत किती माणसं आहेत ते कळलं. सगळ्यांचे श्वास ऐकू यायला लागले.

“तुम्हाला माहीत होतं, तर आधी का नाही बोललात?” मी विचारलं. आवाज भांडणाचा निघाला.

“माले कोनी इचारं नही,” अक्का म्हणाल्या.

नाना थांबले नाहीत. “मग, माय?” 

“लई जा. त्यानी सांगेल शे. भात खाता खाता.” 

मी कापूस आणला, भिजवला, ठेवला. धुळ्याची माणसं अडीचच्या सुमारास आली. त्यांना वीस मिनिटं लागतात, हे मी लोकांना नेहमी सांगते. तेवढीच लागली. चेहऱ्यावर काही कळत नाही, हेही सांगते. कळत नव्हतं. रात्री मुलगी पोहोचली आणि त्याला नेलं.

चार दिवसांनी नानांनी फोन केला. एक डोळा बसवता आला. दुसरा सुकलेला होता, तो शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी ठेवला. कोणाला बसवला ते सांगत नाहीत. कोणता, ते सांगितलं असतं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अक्कांना सांगितलं. दारावर भेटायला येणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरलेली होती, त्यावर त्या बसल्या होत्या.

“एक लागला.”

“कोनता?”

“नाही माहीत.”

“उजवा व्हई,” त्या म्हणाल्या आणि सतरंजीची सुरकुती सरळ करायला लागल्या. मी दुसऱ्या टोकाने ओढली.

उत्तरकार्य झालं, गंधमुक्ती झाली, मुलगी परत गेली, दुकान उघडलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नानांचा फोन आला. घरातला फोन अक्कांनी उचलला. पलीकडून ‘गिधाड’ वगैरे काही नसावं, कारण त्या नुसतं “हां, हां” म्हणाल्या आणि फोन मला दिला. स्टँडमागे एक तरुण माणूस गेला होता, लग्न होऊन थोडेच दिवस झालेले.

“तुम्ही नाही आलात तरी चालेल, ताई,” नाना म्हणाले.

“येते.”

खोली माणसांनी भरलेली होती आणि छताचा पंखा गरगरत होता. मी चपला काढायच्या आधी भिंतीवरचं बटण शोधून बंद केलं.

“अहो बाई, गरम होतंय,” कोणीतरी म्हणालं.

“होऊ द्या,” मी म्हणाले आणि त्याची आई कुठल्या खोलीत आहे ते विचारलं.