साथीतले सोवळे

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात आमच्या भागात पटकीची साथ आली. आठवडी बाजार बंद झाले, लग्ने पुढे ढकलली गेली आणि तलावात कपडे धुण्यास मनाई झाली. मी त्या वेळी गावच्या राममंदिराचा पुजारी होतो. पूजेचे सुती सोवळे रोज धुवायचे आणि कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळवायचे, हा घरोघरचा नेम. तो आता कसा पाळावा, हे विचारायला माणसे माझ्या दारी येत.

त्याच दिवसांत माझा बालमित्र आला. आंधळगावच्या विणकरांकडून कोसा या रानातल्या रेशमाचे कापड विणून घेऊन विकणे हा त्याचा पिढीजात धंदा. तो ओसरीच्या पायरीवर मटकन बसला.

"गुरुजी, लगनंच नाहीत तं लुगडे कोन घेते? माग बंद पडून राहिले. विणकर सकाळपासून माह्या तोंडाकडे पाहून राहिले."

"कोसा तरी रोज धुवावा लागत नाही," मी सहज म्हणालो. "झटकला, उन्हात धरला, की पूजेला शुद्ध. शास्त्राचीच सवलत आहे ती."

तो ताडकन उठला. "हेच लोकाइले सांगा ना गुरुजी! मी लहान पंचे विनून घेतो. गरिबाले बी घेता येईन असे."

त्याची युक्ती खरोखरच चांगली होती, हे मी आजही नाकारीत नाही. लुगड्यांऐवजी पंचे, आणि बाजाराऐवजी सायकलवरून दारोदार फेरी. अंगणातल्या खाटेवर पंचा ठेवून विकणारा दूर उभा राही. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितले, "कोसा घ्या, नेम मोडणार नाही." बंद पडलेले माग पुन्हा वाजू लागले. पहिला पंचा त्याने माझ्या हाती दिला. "पयला देवाचा मान," तो म्हणाला. देवानेच वाट दाखवली, असे मानून मी तो रोज नेसू लागलो.

साथ ओसरल्यावर, श्रावणातल्या एका सकाळी, आरतीतला पेटता कापूर माझ्या पंच्यावर पडला. माझ्या वडिलांच्या कोशाच्या सोवळ्यावर आयुष्यभर होमाच्या ठिणग्या उडाल्या. तिथे काळी, चुरचुरीत भोके पडत, केस जळाल्याचा वास येई. ज्वाला मात्र कधी उठली नाही. माझा पंचा भडकला. तो विझवून मी जळक्या काठाचे दोन धागे ओढले आणि समईवर धरले. आडवा धागा आक्रसून विझला. उभा कागदासारखा जळून गेला.

मी तसाच त्याच्या दुकानी गेलो. जळका काठ पाहताच तो समजला.

"रानातून रेशमाचे कोशच येनं बंद झाले होते, गुरुजी. नागपूरहून नकली रेशीम आनलं, ताण्याले, उभ्या धाग्याले, लावलं. माग बंद ठेवतो काय?"

"मला सांगायचे होतेस."

"सांगतलं असतं तं तुमी लोकाइले घ्या म्हनलं असतं?"

"नाही."

"मंग?" तो हसला. "अन् देवानं तं काही तक्रार केली नाही ना तुमच्यापाशी?"

विणकरांच्या चुली त्या धाग्यावर पेटल्या होत्या, हेही खरे होते. मी एवढेच विचारले, "मला तरी खरा द्यायचास."

"तुमच्याच अंगावर येगळा दिसला असता, तं लोक आपला पंचा त्याच्याशी ताडून पाहते."

म्हणजे त्याने माझा विचार केला होता, अगदी नीट केला होता. लहानपणी एका ताटात जेवलेल्या माणसाने मला दुकानाच्या दारातल्या नमुन्यासारखे देवापुढे उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी मी सुती सोवळे धुऊन नेसलो आणि आरतीनंतर सर्वांना सांगितले, "तो कोसा खरा नव्हता. मी चुकीचा शब्द दिला." काहींनी व्यापाऱ्याला शिव्या घातल्या. रोज फुले आणणारी एक म्हातारी मात्र काखेतला घडीचा पंचा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "त्याच्यापासून कुठी घेतला होता मी, गुरुजी? मी तं तुमच्यापासून घेतला."

तो मित्र पुढेही रामनवमीला येत राहिला. मी त्याच्या ओंजळीत तीर्थ घालीत असे. पळी भरताना माझी नजर पाण्यावरच असे. त्याच्या तोंडाकडे ती पुन्हा गेली नाही. म्हातारी त्या दिवसानंतर फुले बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून जाऊ लागली.