फियाटची खांदशेकणी

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला त्या गोटात ढकलणार! पांढुर्ण्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. माझी श्रद्धा नट-बोल्टवर, तीही आटे नीट असतील तर.

माझी जुनी फियाट मोहगावच्या एका संत्राव्यापाऱ्याकडून घेतलेली. बागेच्या कच्च्या रस्त्यावर पोट घासू नये म्हणून त्याने पुढे उंच स्प्रिंगा बसवल्या होत्या. गाडी कायम नाक वर करून उभी, मानपान कमी पडलेल्या व्याह्यासारखी!

अडचण आईची होती. तिचे गुडघे वाकत नाहीत. आणि सौसरहून निरोप आला, मावशीने अंथरूण धरलंय, एकदा बहिणीला डोळे भरून पाहू द्या म्हणते. बसची पायरी तर आणखी उंच. गाडीत चढताना स्टुलावरून आई एकदा घसरलेली. मी म्हटलं, उचलून ठेवतो.

"मले उचलशील? मी काय संत्र्याची पेटी आहो का? आपल्या पायानं बसीन, नाही तं जाणार नाही."

ठीक. आई चढत नाही ना? मग गाडी उतरेल! मी हट्टालाच पेटलो. नागपूरहून आखूड स्प्रिंगा आणल्या. उद्या पोळा, परवा नदीवर दगडफेकीची गोटमार, म्हणजे गाडी गावाबाहेर काढणं कठीण. जे करायचं ते आजच.

सकाळीच अंगणात मी आणि माझा साळा दिवाकर भिडलो. आधी बंपरच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ मारली. गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली, जुन्या स्प्रिंगा लांब बोल्टांनी आवळून हळूहळू सैल करत बाहेर घेतल्या. दाबलेली स्प्रिंग म्हणजे साधं काम नाही... सुटली असती तर दिवाकरचे दात आमच्या आधी सौसरला पोचले असते. नव्या स्प्रिंगा चांगल्या चार बोटं आखूड. बसवल्या, चाकं लावली, जॅक काढला.

बंपर बरोब्बर रेघेवर!

"भाऊजी, हे तं जिथल्या तिथंच!"

जॅकवरून उतरलेली गाडी थोडी चालवली की बसते, हे मला माहीत होतं. स्टेशनापर्यंत नेऊन आणली. तीच रेघ. बंपरवर उड्या मारल्या, बोनेटवर खिळ्यांची पोती ठेवली. ओझं काढलं की पुन्हा वर!

"भाऊजी, आपण चुकून जुन्याच तं नाही बसवल्या?"

"जुन्या तुझ्या बुडाखाली आहेत!" तो त्यांच्यावरच बसला होता.

दुपार कलली. मी हार मानणाऱ्यातला नाही. पुन्हा जॅक लावला, तेवढ्यात मागच्या गोठ्यातून आई आली. पोळ्याचा आदला दिवस म्हणजे खांदशेकणी; बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून ती येत होती. वाटी हातातच.

"सकाळपासून काय करून राहिला रे?"

"गाडी बसवून राहिलो."

"आज बैलाच्या मानेवर जू तरी ठेवते का कोणी? अन् तू इच्या खांद्याखाली लोखंड खुपसून राहिला!"

"आई, ही गाडी आहे."

"मंग? वाहून तं नेते नं?"

तिने मला जॅक काढायला लावला. दोन्ही मडगार्डांना कोमट तूप-हळद चोळली, अगदी निवांत. बैलांना देतात तसं उद्याच्या पुरणपोळीचं आवतणही दिलं. मग बोनेट थोपटून म्हणाली, "बस माय, बस."

आणि वाचकहो... गाडी बसली! धाडकन नव्हे. बैल पुढचे गुडघे मोडतो तशी, हळूच. बंपर रेघेखाली चार बोटं. दिवाकरच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला, तरी तो रेघेखालची बोटंच मोजत राहिला.

आईने पाठ वळवली, सीटवर टेकली, स्वतःचे पाय स्वतः आत घेतले. "चाल. बसून काय राहिला?"

सौसरला दिवे लागता लागता पोचलो. आई आपल्या पायांनी उतरून आत गेली. मावशी उशीवरून म्हणाली, "लय लवकर आली वं!" मग दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या, आणि लगेच आईच्या... म्हणजे माझ्या आजीच्या पाटल्यांवरून भांडल्या. मावशी दुसऱ्या दिवशी उठून बसली. मी बाहेर येऊन पाहतो तर गाडीही उठून उभी! निघताना आईने थोपटलं, पुन्हा बसली.

तेव्हापासून हेच. आईसाठी बसते, आई उतरली की उठते. नागपूरच्या मेकॅनिकने सगळं खोलून पाहिलं. "रबराचं बुश अडकत असंल," म्हणाला. असेल. पण बुशला माझी आई कशी ओळखू येते?

मागच्या आठवड्यात माझाच गुडघा धरला होता. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. हळूच बोनेट थोपटून म्हटलं, "बस माय." ढिम्म!

घरातून आईचा आवाज आला, "अरे, तूप लावलं का?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं... लावलं होतं.