कानवाल्यांचा मेहुणा रेडिओवर

आमच्या दवाखान्यात कानात डोकावतात त्या डॉक्टरीणबाई, पण माणसाला नेमकं किती ऐकू येतं हे ठरवतात ते कानवाले. पेशंट त्यांना याच नावाने ओळखतात. मी रिसेप्शनवर अठरा वर्षं बसते आहे. तोंडावर सर म्हणते, पाठीमागे कानवाले. गालिच्याने मढवलेल्या भिंतींची एक खोली आहे. खोली कसली, कपाटच. त्यात पेशंटला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. काचेच्या अलीकडे बसून कानवाले बारीक बारीक आवाज सोडणार, ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, असा कागदावर आलेख उतरतो.

हे झालं पोटापाण्याचं. बाकी माणूस सगळा जुन्या रॉकचा. घरी सहाशे चाळीस रेकॉर्डी, लोखंडी कपाटात, त्याही बँडप्रमाणे नाही तर गिटारवाल्यांप्रमाणे लावलेल्या. "बँड फुटतात हो बाई, बोटं तीच राहतात," असं ते म्हणायचे. चहाच्या वेळी त्यांची मतं ऐकायला मी एकटीच. मला ड्रम आणि रिकामा डबा यांतला फरक कळत नव्हता. आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन, की लेड झेपलिनमध्ये लोक गिटारीचं कौतुक करतात पण घर उभं आहे ते बोनमच्या ड्रमवर. की पिंक फ्लॉइडचा गिल्मर थांबतो कुठे ते ऐकायचं असतं. की ईगल्स म्हणजे इस्त्रीचा शर्ट, डाग नाही आणि घामही नाही. डीप पर्पलवरचं त्यांचं लाडकं वाक्य तर मला पाठ आहे. "ब्लॅकमोरची गिटार आणि लॉर्डचा ऑर्गन म्हणजे एकाच गल्ल्यावर बसलेले दोन भाऊ. भांडतात म्हणून दुकान चालतं." आणि रोरी गॅलाघरचा विषय निघाला की आवाज खाली यायचा. "बिचारा. रंग उडालेली गिटार घेऊन गावोगाव वाजवत हिंडला, आणि नाव झालं दुसऱ्यांचं."

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॉलेजसाठी तीन वर्षं त्यांच्या घरी होता. हॉलमध्ये त्या लोखंडी कपाटाला लागूनच त्याची गादी. कानवाल्यांनी त्याला हाताशी धरलं. रोज संध्याकाळी रेकॉर्डची एक बाजू ऐकायची, मग तोंडी परीक्षा. बास कुठे शिरला? दुसरी गिटार कधी आली? मेहुणा हुशार, त्यातून गोड बोलणारा. पुढे टाइल्सच्या मोठ्या दुकानात लागला आणि तिथे बाथरूमची फरशी विकतानाही गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्या घरचाच.

तीन वर्षांपूर्वी इथल्या छोट्या रेडिओ केंद्राने जाहीर केलं, की रविवारी सकाळी एक तास रिकामा आहे, ज्याला ज्या विषयाची आवड असेल त्याने यावं. तो तास मेहुण्याला मिळाला. विषय, जुनं रॉक.

पहिल्या रविवारी सगळं घर रेडिओभोवती बसलं होतं म्हणे. सोमवारी कानवाले आले ते डबा टेबलावर आपटतच.

"काय झालं, सर? कार्यक्रम नीट नाही झाला?"

"झाला की! छानच झाला! एकाच गल्ल्यावर बसलेले दोन भाऊ झाले, इस्त्रीचा शर्ट झाला. आणि आमची ही काय म्हणते? म्हणे, किती छान सुचतं नाही ह्याला!"

"तुम्ही वहिनींना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? तुझा भाऊ माझी वाक्यं चोरतो? तो कालपासून तिच्या कौतुकात न्हाऊन निघालाय. मी बोललो तर मीच वाईट."

एवढं ऐकून मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही. मेहुण्याचा आवाज गावभर झाला. आमचेच पेशंट हेडफोन काढता काढता विचारायचे, "रविवारचा तो रॉकवाला ऐकता का हो?" कानवाल्यांचा चेहरा बघवत नसे. एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी तर त्यांनाच पिंक फ्लॉइड समजावून सांगितलं, मेहुण्याच्या, म्हणजे कानवाल्यांच्याच शब्दांत.

मग पत्रं सुरू झाली. त्यात माझाही हात आहे, हे कबूल केलेलं बरं. मेहुण्याने एका रविवारी सांगितलं, की ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीची डाव्या हाताच्या बोटांची टोकं कारखान्यात कापली गेली होती. कानवाले सोमवारी विजयी मुद्रेने आले. "उजव्या हाताची! माणूस डावखुरा आहे, तारा उजव्या हाताने दाबतो, म्हणून तर पंचाईत झाली! मी त्याला दहा वेळा सांगितलंय." त्यांनी कागदावर खरडलं, मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, खाली सही म्हणून 'एक जुना श्रोता' एवढंच, आणि घरी जाताना पेटीत टाकलं.

त्यांना वाटलं होतं, मेहुण्याची फजिती होईल. त्याने ते पत्र पुढच्या रविवारी अख्खं वाचून दाखवलं, चूक मान्य केली, श्रोत्याचे आभार मानले. लोकांना फार आवडलं. मग दर आठवड्याला पत्र. दुसरंच बिचाऱ्या रोरी गॅलाघरवर. दुहेरी लाइव्ह अल्बममधला लांबलचक ड्रम सोलो म्हणजे चहा टाकायची सवलत असते. अमुक अल्बमची दुसरी बाजू पहिलीपेक्षा का सरस. वेगात वाजवणाऱ्या गिटारवाल्याला काय लपवायचं असतं. बघता बघता लोक पत्राची वाट पाहू लागले.

आणि एक दिवस कानवाले आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने.

"काल जेवायला आला होता. मला म्हणतो, भाऊजी, राग मानू नका, पण हा जुना श्रोता तुमच्यापेक्षाही जास्त जाणतो."

मला हसू आवरेना. "अहो सर, तो तुम्हीच आहात!"

"ते तुम्हाला माहीत! जगाला काय? आमची हीसुद्धा म्हणाली, खरंच, काय व्यासंग असेल माणसाचा!" ते खुर्चीत बसले. "वीस वर्षं त्याच टेबलावर बसून हेच बोलतोय मी. तेव्हा म्हणायची, वरण निवतंय."

त्या आठवड्यात ते त्या जुन्या श्रोत्यावरही जळत होते. माणूस आपल्याच सहीचा हेवा करताना मी पहिल्यांदा पाहिला.

गेल्या वर्षी एका गुरुवारी दुपारी मेहुणा दवाखान्यात आला. त्याला मी त्याआधी फक्त ऐकलं होतं. उंच, जरा वाकलेला, चाळिशीचा. उजव्या कानात शिट्टी वाजते म्हणाला, आणि केंद्रातला तंत्रज्ञ म्हणतो, तुम्ही सगळं फार मोठ्याने लावता. डॉक्टरीणबाईंनी तपासून ऐकण्याची चाचणी लिहून दिली.

तो गालिच्याच्या त्या कपाटात बसला. कानवाले काचेच्या अलीकडे. मी फाइल द्यायला आत गेले होते. डावा कान ठाकठीक. उजव्याचे लाल गोल आधी सरळ चालले, आणि मग पायरी चुकल्यासारखे खाली गेले. वरच्या पट्टीतले आवाज कानवाले सोडत होते, वाढवत होते, आणि आत मेहुणा बटणावर अंगठा ठेवून शांत बसला होता, अजून काही सुरूच झालं नसल्यासारखा.

तेव्हा मी पाहिलं. कानवाल्यांच्या ओठाचा कोपरा वर गेला. क्षणभरच. पण हसू होतं ते.

मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मान खाली घातली आणि उजव्या कानाची चाचणी पहिल्यापासून घेतली. तेच आलं. हेडफोन बदलून तिसऱ्यांदा घेतली. तेच.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "झांजेचा वरचा खणखणाट ह्या कानाला पोचतच नाही. आजचं नाही हे, खूप जुनं दिसतंय."

"कशाने झालं असेल?"

"कॉलेजात असताना आमची ही झोपली की तो हेडफोन लावून ऐकायचा. हेडफोन माझा. एका बाजूचा आवाज कमी यायचा त्याचा. मीच सांगायचो, वाढव, घाबरू नकोस. रॉक हळू ऐकणं म्हणजे जेवणाचा नुसता वास घेणं."

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, टाइल कापायच्या मशीनशेजारी तो इतकी वर्षं उभा असतो, त्यानेही होतं. नक्की कशाने ते कुणीच सांगू शकणार नाही. कानवाल्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही.

मेहुणा बाहेर आला. त्यांनी कागद त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं समजावलं, एरवी पेशंटला समजावतात तसंच, फक्त दुप्पट सावकाश.

मेहुण्याने त्या लाल गोलांवरून बोट फिरवलं. "मला वाटायचंच, भाऊजी. तुम्ही म्हणायचात, आता ऐक, इथे झांज कशी बारीक थरथरते. मला काही ऐकू यायचं नाही. हो म्हणायचो. वाटायचं, आपल्यालाच जाण नाही. म्हणून मग रेडिओवर तुमचंच सांगायला लागलो. माझ्या कानावर माझा भरवसाच नव्हता."

कानवाल्यांनी कागद फाइलला लावला.

"आणि पत्रं बंद करू नका."

"कसली पत्रं?"

"रोरी गॅलाघरला बिचारा म्हणणारा दुसरा माणूस आहे का ह्या गावात? दुसऱ्या पत्रातच ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीस? आणि जेवताना ते जास्त जाणतो वगैरे काय होतं?"

"गंमत केली. आणि बोललो असतो तर तुम्ही लिहायचं थांबला असता. तुम्ही त्यापेक्षा माझ्याबरोबरच चला ना केंद्रात. मी त्यांना पहिल्यापासून म्हणतोय."

कानवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला नको म्हणालेत ते."

"कधी?"

"त्या जाहिरातीनंतर मीही गेलो होतो. तुझ्या आदल्या दिवशी. आवाजाची चाचणी घेतली. म्हणाले, तुम्हाला माहिती भरपूर आहे, पण तुम्ही ऐकणाऱ्याला रागावल्यासारखे बोलता."

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, वहिनींना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. मेहुणा तोंडावर हात ठेवून हसू दाबायला लागला. न राहवून मीही हसले. कानवाले आधी आमच्यावर डाफरले, म्हणजे रागावूनच बोलले, आणि तेव्हा आम्हाला आणखीच हसू फुटलं.

पुढच्या महिन्यात मेहुण्याच्या उजव्या कानाला ऐकण्याचं यंत्र बसलं. ते जुळवायला कानवाल्यांनी पाच खेपा घातल्या, एरवी दोनांत आटपतात. आणि रविवारच्या त्या तासात आता शेवटची पंधरा मिनिटं त्यांची असतात. रागावतातच. काही लोकांना आवडतं, काही लोक त्या वेळी आंघोळीला जातात.

हेवा गेला का? मुळीच नाही. श्रोत्यांची पत्रं येतात ती मेहुण्याच्या आवाजाला, फोन येतात ते मेहुण्याला, आणि वहिनी कार्यक्रम संपल्यावर आधी भावालाच विचारतात, दमलास का. हे सगळं मला सोमवारी सविस्तर ऐकायला मिळतं. पण परवाच्या सोमवारची तक्रार निराळी होती.

"काल त्याने मला खोडून काढलं. रेडिओवर! म्हणे, भाऊजी, ईगल्स तुम्ही म्हणता तेवढे गुळगुळीत नाहीत. त्या गिटारींच्या वर एक बारीक किनार आहे, ती तुमच्याकडून राहून गेली. माझ्याकडून!"

"आहे का पण ती?"

"घरी जाऊन ऐकलं. आहे." त्यांनी कप बशीत ठेवला. "मुद्दा तो नाही. तो आता सगळ्या रेकॉर्डी पहिल्यापासून ऐकतोय, त्या यंत्रातून. आवाज जरा पत्र्यासारखा येतो म्हणतो, पण येतो. झेपलिनचा पहिला अल्बम काढला आणि झांज ऐकून रडला म्हणे. सबाथ ऐकला, पर्पल ऐकला. चाळिसाव्या वर्षी सगळं पहिल्यांदा ऐकतोय हो तो, बाई! पहिल्यांदा! माझं ते होऊन पस्तीस वर्षं झाली. मला कुणी देणार आहे का ते परत?"

बाहेर पुढचा पेशंट खोकला. कानवाले उठले, त्याला कपाटात बसवलं आणि मी दार लावून घेतलं.