माझं उणे चिन्ह

"मार्कर ठेव खाली," सर म्हणाले. "कोट्यातल्यांना अधिक काय अन् उणे काय! तुमची अ‍ॅडमिशन तशीही होऊन जाते."

सगळा वर्ग हसला. घाटकोपर स्टेशनजवळचा कोचिंग क्लास, बारावी सायन्स. मी फळ्यापाशी उभी. कानशिलं तापली.

गणित साधं होतं. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड. जुने बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, नवे जुळताना ती सुटते. घातली सहाशे एकोणऐंशी किलोज्यूल, सुटली आठशे बासष्ट. सुटली जास्त, म्हणजे उष्णता बाहेर पडणार. बाहेर पडली की उत्तर उणे. मी तेच लिहिलं होतं. सरांना नव्यातून जुनं वजा करणाऱ्या दुसऱ्या सूत्राची सवय, त्यांनी वजाबाकी उलटी केली. माझं उणे बोटाने पुसलं, अधिक काढलं.

मी म्हटलं, "सर, हे मिश्रण उन्हात धरलं तर स्फोट होतो. उष्णता आत घेतली असती तर झाला असता का?"

सरांनी डस्टर टेबलावर आपटलं.

"मला शिकवतेस? उद्या सगळ्यांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं. नाहीतर बॅच सोड."

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी याच बॅचमध्ये. ती सुटली की माझी वाट लागली.

जिन्यात पहिल्या बाकावरच्या पोराने गाठलं. "तुझंच बरोबर होतं, यार."

"मग आत मूग गिळून का बसलास?"

"सर आहेत ना. सॉरी बोलून टाक, विषय संपव."

साल्याला सगळं कळत होतं! सरांपेक्षा त्याचीच चीड जास्त आली.

टेकडीवर आमची खोली. आई चार घरचा स्वयंपाक करून नुकतीच आली होती. ऐकून म्हणाली, "माग गं माफी. अंगाला काय भोकं पडतात? कुणाचं मीठ जास्त झालं, कुणाची वाटी हरवली, मी नाय बोलत रोज, चुकलं म्हणून?"

"वाटी तू हरवलेली असते का?"

आई पदराने तोंड पुसत राहिली. मला रडूच फुटलं. आणि रडताना भयंकर राग आला, तिचा नाही, तिला ही सवय लावणाऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "हं, बोल."

मी उठले. "सर, उत्तर उणे आहे."

"गेट आउट!"

दप्तर आधीच खांद्यावर होतं. माझ्यामागून कुणी उठलं नाही. पहिल्या बाकावरचा तर वहीत डोकं खुपसून बसला होता.

आता टेकडीखालच्या वाचनालयात एकटीच अभ्यास करते. अवघड जातंय. परीक्षेत काय होईल, ठाऊक नाही. नापास झाले तरी बेहत्तर. चुकले तर दहादा माफी मागेन. बरोबर असताना कुणाच्या बापाची मागणार नाही.

आणि आईलाही मागू देणार नाही.