गौरीची दोरगाडी

कुणाच्याही हातात कसलंही काम असो, आत्याबाई येऊन उभ्या राहायच्या, जरा वेळ बघायच्या आणि तळहात पुढं करायच्या. "आण इकडं. तुझ्यानं न्हाई व्हायचं." मग ती सुई असो, विळी असो की कुणाचं रडतं पोर असो. तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेलच. नसेल तर नशीबवान आहात.

मी लग्न होऊन जुन्या जालन्यात आले तेव्हा शेजारच्या घरात त्या भावाकडं राहत होत्या. भावाच्या मुली म्हणत म्हणून सगळी गल्ली त्यांना आत्याबाईच म्हणायची. सासरी केलेली माझी पहिली पोळी त्यांनी तव्यावरच पाहिली. "निजाम गेला, पण त्याच्या मुलुखाचा नकाशा तुझ्या पोळीत ऱ्हायला बघ," म्हणाल्या. सासूबाई हसल्या, मला रडू फुटलं, आणि लाटणं त्यांच्या हातात गेलं.

हे तरी थट्टेवारी नेण्यासारखं होतं. पण भावजयीला दुसरी मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत डोकावून त्या म्हणाल्या होत्या, "चला, तुझ्या हळदीकुंकवाला आणखी एक बाई वाढली." हे मला त्या भावजयीनं, म्हणजे वहिनींनीच सांगितलं. पाच-सहा वर्षं झाली होती त्या गोष्टीला, तरी सांगताना त्यांचा आवाज काल घडल्यासारखा होता.

आता त्यांना हळदीकुंकूच का आठवलं, तेही ऐका. आत्याबाईंचं सासर आष्टीचं. सतराव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. तेव्हापासून दरवर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची सगळी तयारी त्याच करायच्या. कैऱ्या किसायच्या, डाळ वाटायची, पन्हं करायचं, पायऱ्यांची आरास मांडायची. दुपारी दारात पहिल्या सवाशिणीच्या बांगड्या वाजल्या की त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. बायका कैरीच्या डाळीचं कौतुक करायच्या, ते त्यांना दाराआडून ऐकू यायचं. कुणी त्यांना आत बस म्हणत नव्हतं आणि बाहेर ये असंही म्हणत नव्हतं. रीतच होती. रीत म्हटलं की कुणाच्याच हाताला रक्त लागत नाही.

एका वर्षी त्यांच्या भावाला मुंबईच्या मित्रानं एक खोकं दिलं. आत पातळ लाकडाचे कापलेले तुकडे, पितळी चाकं, सेलवर फिरणारी एवढीशी मोटार आणि दोराचं बंडल. सगळं जुळवलं की डोंगरावर चढणारी दोरगाडी तयार होणार. खाली एक खांब, वर एक खांब, मधे दोर, आणि दोराला लटकून डबा वर जाणार. भावानं दोन रविवार खटपट केली. बोटांना सरस चिकटला, डबा काही चौकोनी होईना. "यात तुकडेच कमी दिलेत," असं म्हणून त्यांनी खोकं पलंगाखाली सरकवलं.

महिनाभरानं आत्याबाईंनी ते ओढून काढलं. कागदावरचं इंग्रजी त्यांना येत नव्हतं, चित्रं होती. दुपारची झाकपाक झाली की त्या ओट्यावर बसायच्या आणि मी निवडायला तांदूळ घेऊन शेजारी. माझ्याशी बोलायच्या म्हणजे माझे तांदूळ किती वाईट निवडलेत ते सांगायच्या. लाकूड दोनदा उलटं बसलं, एक खांब चिकटवलेला पुन्हा उपटावा लागला. खोक्यातला दोर उंदरांनी कुरतडला होता. त्यांनी टकळीवर सूत कातलं, तीन पदरी पीळ दिला आणि त्यावर मेण चोळलं. वाती वळण्यात जन्म गेलेल्या बाईचाच दोर तो, कुठं गाठ म्हणून नव्हती.

डबा वर जायला लागला तेव्हा त्यांनी त्यात अडकित्ता ठेवला. मी विचारलं, अडकित्ता कशाला? तर म्हणाल्या, आपल्या अन्नपूर्णेचं वजन तेवढंच आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चैत्रात गौर म्हणून जी पितळेची अन्नपूर्णा बसवतात, ती यंदा या गाडीतून पायऱ्या चढून वरच्या झोपाळ्यापाशी जाणार होती.

सुताचा दोर नवा, चालवताना सैल पडायचा. वरच्या खांबाला तो ताणायची एक चावी होती. ती त्यांनी काढून पदराच्या गाठीला बांधली. मी म्हटलं, ऐन वेळी दोर सैल पडला तर?

"पडणारच," त्या म्हणाल्या. "बायका बसलेल्या असतील आन् गौर मधीच लटकंल. मंग मला बोलवावंच लागंल. आल्ते मी या घरात सतरा वर्षांची. एकदा तरी सगळ्यांसमोर त्या खोलीत उभं ऱ्हायचंय मला."

एवढं बोलून त्यांनी माझ्या सुपातले दोन खडे उचलून माझ्यासमोर धरले. "आन् हे कोण खाणार, तुझा नवरा?"

हळदीकुंकवाच्या दिवशी मी त्यांच्याकडं वाढायला होते. पस्तीस-चाळीस बायका दाटीवाटीनं बसलेल्या, वाळ्याचा पडदा भिजवलेला, मोगऱ्याचा वास. वहिनींनी गौर डब्यात बसवली आणि खटका दाबला. मोटार गुरगुरली, डबा हलला. बायका माना उंचावून बघायला लागल्या. कैऱ्या-कलिंगडांच्या वरून, करंज्यांच्या ताटावरून गौर चढत गेली, आणि तिसऱ्या पायरीवर थांबली. मोटार फिरतच होती. दोर सैल पडला होता.

वहिनींचा चेहरा उतरला. मी पटकन म्हटलं, आत्याबाईंना बोलवा, त्यांना ठाऊक आहे, दोर ताणायची चावीही त्यांच्याकडंच आहे. समोरच्या एका म्हाताऱ्या सवाशिणीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पानात खरकटं टाकलं. वहिनींनी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "जा, वन्संकडून तेवढी चावी घेऊन ये."

मी दार ढकललं. आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, दाराकडं तोंड करून. धुवट लुगडं नेसलेल्या, केस पाण्यानं चोपून बसवलेले, हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतलेले. मला बघताच गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बोलावलं?"

मी म्हटलं, "चावी मागितलीय."

त्या उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पदराची गाठ सोडली, नखांनी, सावकाश. चावी माझ्या हातावर ठेवली. "दीड फेरा दे. जास्ती बिलकुल न्हाई. तुटंल."

मी दीडच फेरा दिला. गौर वर पोचली, झोपाळ्यापाशी जाऊन थांबली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पन्ह्याची भांडी न्यायला आत आले, तर आत्याबाई ती भरत होत्या. बाहेर कुणीतरी विचारलं, कुणी हो केलं हे? वहिनींचा आवाज आला, "यांनी. मुंबईहून सामान आणून बसवलं."

आम्ही दोघींनी ते ऐकलं. त्यांची पळी थांबली नाही. "ने," म्हणाल्या, "बायका ताटकळल्यात."

वहिनी दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. आत्याबाई मात्र होत्या, आणि त्यांनी जे पेरलं होतं ते असं उगवलं, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या. मला सासूबाईंचा संताप आला. सतरा वर्षांच्या पोरीनं असं काय पेरलं होतं?

दिवेलागणीला शेवटची बाई गेली. खोलीभर तुडवलेली फुलं आणि हरभऱ्याची टरफलं. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतः जाऊन स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. "या वन्सं, या आता बाहेर. कुणी न्हाई. तुमची गाडी बघा तरी."

आत्याबाई आल्या. रिकाम्या सतरंजीवर मधोमध बसल्या. वहिनींनी गौर पुन्हा खालच्या खांबापाशी आणली, डब्यात ठेवली आणि खटका दाबला. डबा हलला, पहिली पायरी चढला, दुसरी चढला. दोर ताठ होता, कुठंही अडखळत नव्हता.

आत्याबाईंनी तो तिसऱ्या पायरीपर्यंत जाऊ दिला.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "सेल उतरतील."