डांबाखालचा आवाज

“जोतिराम, मी हाय न्हवं खाली? सावकाश चल.”

हे वाक्य जोतिराम वायरमन दिवसातून कितीदा म्हणायचा, याचा काही हिशेब नव्हता. आणि म्हणायचा ते स्वतःलाच. गाडीला किक मारताना म्हणायचा, दाढी करताना म्हणायचा, साहेबांच्या केबिनचं दार ढकलण्याआधी ओठातल्या ओठात म्हणायचा. निपाणीच्या बाजारात लोक त्याच्याकडं बघून एकमेकांना कोपर मारायचे. पण ते बोलणं खुळ्याचं नव्हतं. ते डांबावरून खाली उतरलेलं बोलणं होतं.

विजेच्या खांबाला या भागात डांब म्हणतात. डांबावर एक माणूस चढतो आणि एक खाली दोर धरून उभा राहतो. खालच्यानं नुसतं सामान वर पाठवून भागत नाही. वर गेलेल्याला त्या मोकळ्या आभाळात एकटं वाटू नये म्हणून तो बोलत राहतो. सांबऱ्याजवळच्या शेतकरी घरातला हा जोतिराम. वाट्याला आलेल्या जमिनीत दोन भाऊ मावेनात, म्हणून धाकटा लायनीवर लागला. नव्या पोरांना पहिल्यांदा वर चढवायचं काम साहेब लोक हमखास त्याच्याकडं द्यायचे. पोरगं अर्ध्यावर थरथरायला लागलं की खालून जोतिरामचा जाड, संथ आवाज यायचा, “मी हाय न्हवं खाली? सावकाश चल.” आणि पोरगं चढायचं.

मग संकेश्वराकडं काम करताना एका पावसाळ्यात तो स्वतःच पडला. घाई होती, वारा होता, आणि “काय होत न्हाय” असं म्हणून तो ओल्या डांबावर पट्टा न लावताच चढला होता. खांदा मोडला. बेळगावात ऑपरेशन झालं, हाड सांधलं. पण आतलं काहीतरी सांधलं नाही. घराच्या जिन्यावरसुद्धा त्याचे पाय गार पडायचे. साहेबांनी त्याला तक्रारीच्या फोनवर बसवलं. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि घरी येऊन उरलेल्या स्वतःला द्यायच्या.

“भित्र्या. मेल्या. आता तुझं काय उरलंय?” एकदा आरशासमोर तो असं पुटपुटत होता, तेव्हा त्याच्या बायकोनं, जयवंतानं, हातातली परात ठेवली.

“असं नव्या पोराला बोलला असता का तुमी?”

“न्हाय.”

“का न्हाय?”

“पडंल की ते.”

“मग ह्यो काय पाडायला ठेवलाय?” तिनं आरशाकडं बोट केलं. “जे त्यास्नी बोलत होता त्येच ह्येला बोला. फुकटचा खालचा माणूस मिळंल.”

तेव्हापासून जोतिराम स्वतःचाच खालचा माणूस झाला. आधी लाज वाटायची, मग सवय झाली. जिना जमला. घराची गच्ची जमली. डांब मात्र राहिला होता.

तो डांब उभा राहिला देवीच्या जत्रेदिवशी.

निपाणीच्या पलीकडं सीमेला लागून एक वस्ती आहे. वस्तीचा शेवटचा डांब बांधावर आहे. बांधाच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र, आणि दोन्हीकडं एकाच उंचीचा ऊस. दुपारी उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली पाणंदीतून जाताना वरच्या तारेत अडकली. तार तुटली, शेवटच्या डांबावरची चिमणी, म्हणजे तार बांधायची चिनीमातीची बोंडी, फुटली आणि सगळी वस्ती बंद पडली. घराघरात पाहुणे, चुलीवर मटण, टाकीत पाणी नाही, आणि देवळापुढचा माईक मुका. बाकीचे वायरमन दुसऱ्या गावच्या बिघाडावर अडकलेले. सेक्शन ऑफिसर रविराजसाहेबांनी जोतिरामला बोलावलं.

“जोतिराम, जाऊन बगतोस? जमलं तर आजपासनं तू परत लायनीवर. आणि न्हाई जमलं तर लाजू नकोस. सोमवारपासनं कायमचा फोनवर बस. तुजा पगार कुठं जात न्हाई.”

साहेब भला माणूस. पण तो “कायमचा” शब्द जोतिरामला लागला. उरलेली सगळी वर्षं त्या फोनशेजारी, खिडकीतून दुसऱ्यांच्या शिड्या जाताना बघत.

“आयतु, सर,” बरं, एवढंच कानडीत म्हणून तो निघाला.

बरोबर लायनीवरचा जुना मदतनीस कुमार होता, त्याच्याच वयाचा, बोलका. वस्तीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आहे. तिथं जोतिरामनं स्वतःच्या हातानं फ्यूज काढले आणि शर्टाच्या खिशात घातले. तुटलेल्या तारेचं लोंबणारं टोक कुमारनं सुक्या बांबूनं उचलून बाभळीवर टाकलं. दोघं शेवटच्या डांबापाशी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि अर्धी वस्ती तिथं गोळा झालेली होती.

डांबाला लागून शामूचं घर. घर कर्नाटकात, विहीर बांधाच्या पलीकडं महाराष्ट्रात. शामू स्वतःच पुढं होऊन दोर धरत होता.

“बिगी बिगी करा, अण्णा. पालखी निघायच्या आत लाईट पायजे.”

जत्रा कमिटीचा माईकवाला ओमकार बांधावर बसला होता. माईक बंद असला तरी तोंड चालू होतं. “कुमारमामा, ह्यास्नी वर चढवायला क्रेन मागवू काय?”

लोक हसले. जोतिरामनं कमरेचा पट्टा आवळला आणि डांबाला हात लावला. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, तरी त्याच्या बोटांना ते गार लागलं. कुमार हळूच म्हणाला, “मी जाऊ?”

जोतिरामनं मान हलवली. ओठ हलले. “जोतिराम, मी हाय न्हवं खाली? डावा पाय ठेव. हां. आता उजवा. खाली बगू नगो, खाली मी बगतोय.”

“काय जप चाललाय!” ओमकार म्हणाला.

पण तो चढत होता. अर्ध्यावर पाय एकदा थरकले, पट्टा खडखडला आणि हसणं एकाएकी थांबलं. तो डांबाला मिठी मारून तसाच राहिला. कानात फक्त स्वतःचा श्वास. “थांबायचंय तर थांब. कोण हाकलतंय? दम घे.” त्यानं दम घेतला आणि पुन्हा पाय उचलला. वर पोचला, पट्टा डांबाभोवती टाकला, आकडी लावली. उसाचे तुरे आता त्याच्या खाली होते. लांब देवळाकडं हलगी वाजत होती. कितीतरी दिवसांनी वारा तोंडावर सरळ आला. त्याला वाटलं, जमलं. पक्कड काढली आणि त्यानं तारेकडं हात नेला.

हात वीतभर अंतरावर थांबला.

का थांबला ते त्याला कळेना. फ्यूज खिशात होते, छातीला टोचत होते. तार मेलेली होती, असायलाच हवी होती. पण तिच्यावर अर्थिंगची साखळी टाकलेली नव्हती. काम सुरू करण्याआधी साखळीचं एक टोक जमिनीत आणि दुसरं तारेवर, हा नियम. तारेत चुकूनमाकून वीज असली तर ती जमिनीत उतरते. आज पिशवीतली साखळी पिशवीतच राहिली होती. चढायच्या धास्तीत त्याचंही भान गेलं आणि कुमारचंही.

“साखळी द्या वर,” तो ओरडला.

कुमारनं वर बघितलं. “फ्यूज तुज्या खिशात हाईत की रं!”

“हाईत. साखळी दे.”

“भ्यालं!” ओमकारनं मांडीवर थाप मारली. “वर जाऊन भ्यालं! खिशात लाईट घिऊन बसलंय आनि लाईटीलाच भ्यालंय!”

“अण्णा, अहो पालखी!” शामू कळवळून म्हणाला. “तेवढी तार बांधा न् या खाली.”

जोतिरामचे कान तापले. लोक म्हणतात तेच खरं असेल तर? साखळी मागणं हा शहाणपणा नसून भीतीच असेल तर? भीती मोठी लबाड, नियमाचा सदरा घालूनही येते. आता हात मागं घेतला तर उद्या शिडीही नको वाटेल, परवा जिना. सोमवारी फोन. तारेला हात लावून टाकावा आणि सगळ्यांची तोंडं बंद करावीत, असं त्याला एकदम वाटलं. बोटं पुढं सरकली. “काय होत न्हाय,” तो मनात म्हणाला.

आणि तो शब्द त्यानं ओळखला. संकेश्वराच्या ओल्या डांबावरचा होता तो.

त्यानं डोळे मिटले. मनानं तो डांबाखाली जाऊन उभा राहिला, जसा इतकी वर्षं उभा राहिला होता. वर एक नवं पोरगं होतं, घाबरलेलं. ते वरून साखळी मागत होतं. तू हसला असतास काय, जोतिराम? न्हाय. मग काय केलं असतंस? दिली असती, आणि वर म्हणालो असतो, ब्येस मागितलीस.

“ब्येस मागितलीस,” तो मोठ्यानं म्हणाला. मग खाली बघून तितक्याच शांतपणे, “कुमार, साखळी आल्याबिगर मी तारंला हात लावणार न्हाय. पालखी थांबली तरी चालंल.”

तो आवाज कुमारच्या ओळखीचा होता. त्यानं पिशवी उपसली, लोखंडी सळी जमिनीत ठोकली, साखळीचं टोक तिला आवळलं आणि दुसरं टोक सुक्या काठीच्या आकड्याला बांधून दोरानं वर पाठवलं. सगळ्यांना त्यानं मागं सारलं. लोक कंटाळून सरकले. ओमकारनं जांभई दिली.

जोतिरामनं काठी लांब धरली, तोंड बाजूला केलं आणि आकडा तारेवर टेकवला.

फाडकन आवाज झाला. निळा जाळ उठला. बाभळीवरचे बगळे एकदम उडाले. जोतिरामचे दोन्ही पाय सुटले, तो पट्ट्यावर लोंबकळला आणि परत डांबाला बिलगला. खाली कुणी हललं नाही. हलगी तेवढी लांबवर वाजत राहिली.

शामूच्या घरातली एक घरघर मात्र थांबली होती. इतका वेळ ती सगळ्यांच्या कानांवर होती आणि कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

दारात शामूची आई, अंबुबाई, आली. कोपरापर्यंत हात मसाल्यानं माखलेला. “शाम्या, लाईट घालवलीस व्हय रं? मिक्सरातलं वाटण अर्धंच झालंय, पावनी बसल्यात की!”

“कुठली लाईट, आये?” शामूनं वळून विचारलं.

“कुठली म्हंजे? पलीकडची. हिरीवरची वायर लावली की आता. आपली लाईट गेली म्हंजे तू लावतोस न्हवं का.”

सीमेवरच्या पुष्कळ घरांत हे चालतं. या राज्याची वीज गेली की त्या राज्याची घ्यायची. शामूला त्याचा केवढा अभिमान, आमच्या घरात अंधार नसतो म्हणून. पण तो आधी घराचा मेन स्विच बंद करायचा आणि मगच विहिरीवरची वायर लावायचा. अंबुबाईला मेन स्विच कुणी सांगितलाच नव्हता. महाराष्ट्राची वीज तिच्या बोर्डातून उलटी डांबावर चढली होती आणि जोतिरामच्या पकडीपासून वीतभर अंतरावर थांबली होती.

शामू मटकन बांधावर बसला.

जोतिराम खाली उतरला. तो सरळ घरात गेला, वायर काढली, मेन स्विच खाली ओढला. अंबुबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला आता समजलं होतं, आणि हातावरचा मसाला पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

“माज्या हातनं काय झालं असतं रं, बाबा?”

“झालं न्हाय न्हवं, मावशी? हात धुवा, मसाला चुरचुरंल.”

बाहेर कुमारनं पट्टा हातात घेतला होता. “आता मी चढतो. बस तू जरा.”

जोतिरामनं आपल्या हातांकडं बघितलं. थरथर होती. “असू दे. थरथरू दे,” तो त्या हातांना म्हणाला, “काम येतंय तुमास्नी.” आणि त्यानं पट्टा परत मागून घेतला.

या वेळी ओमकारनं दोर धरला, दोन्ही हातांनी. वर साखळी तारेवर होती. जोतिरामनं नवी चिमणी बसवली, तार ओढून जोडली, गाठ आवळली. सावकाश, एकेक. पालखी थांबली होती, पण बिगी बिगी कुणी म्हणालं नाही. साखळी काढून तो उतरला, वस्तीच्या तोंडाशी गेला आणि खिशातले फ्यूज जागेवर बसवले. देवळापुढचा माईक खरखरला. वस्तीभर उजेड पडला.

तो आपलं सामान घ्यायला परत डांबापाशी आला तेव्हा साहेबांचा फोन वाजला. “काय झालं, जोतिराम? सोमवारचं काय लिवू?”

“लायनीवर लिवा, सर.”

अंबुबाई जेवायचं ताट घेऊन बाहेर आली होती. “बसून खाऊन तरी जा, बाबा.”

“यीन की पुढच्या जत्रंला. अजून एका वस्तीचा फोन हाय.”

त्यानं पट्टा खांद्यावर टाकला, पिशवी उचलली आणि पाणंदीच्या वाटेनं कुमारच्या पुढं चालू लागला. शामू विहिरीची वायर हाताला गुंडाळत बांधावर उभा होता. दोन पाठी अंधारात विरल्या तरी तो तिकडंच बघत राहिला, आणि त्याच्या मागं दारातल्या उजेडात, ताट हातात धरून, त्याची आई.